मांजरे, उधळलेला डाव आणि वडिलांचा बुद्धिबळाचा संच

वाचकाचे पत्र (सारांश): बँकेतून निवृत्त झालेल्या ६२ वर्षांच्या एका भगिनी पुण्यात मुलगा आणि सुनेसोबत राहतात. त्यांचे बालपण सांगलीत गेले आणि बुद्धिबळ त्या वडिलांकडून शिकल्या. वडिलांचा लाकडी संच आज त्यांच्याकडे आहे. अमेरिकेत असलेल्या धाकट्या भावाबरोबर त्या फोनवरून डाव खेळतात, रोज दोघांची एकेक खेळी, त्यामुळे एक डाव दीड-दोन महिने चालतो आणि तेवढा काळ पट दिवाणखान्यातल्या खिडकीलगतच्या टेबलावर मांडलेला असतो. दोन वर्षांपूर्वी सुनेने पावसात भिजलेली मांजराची दोन पिल्ले घरी आणली. ती मोठी झाल्यापासून पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास सोंगट्या पाडतात. मागच्या महिन्यात ऐन रंगात आलेला डाव उधळला गेला, एका घोड्याचा कान तुटला आणि एक प्यादे फ्रिजच्या मागे सापडले. डांबरगोळ्या, लिंबाच्या साली, पाण्याचा फवारा हे सगळे करून झाले आहे. 'धाकटी मांजर माझ्याकडे बघत बघत वजीर खाली ढकलते,' असे त्या लिहितात. शेवटी काहीतरी खायला घालून त्या मांजरांना शांत करतात. मुलगा म्हणतो, 'आई, मोबाईलवर खेळ ना.' सुनेशी एकदा शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. त्यांचा प्रश्न असा, की मांजरांना रात्री बाल्कनीत बंद करावे, त्यांना दुसऱ्या कुणाला द्यावे, की पट माळ्यावर टाकून हा विषय कायमचा संपवावा?

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम आजच, हे वाचून होताच करावे अशी विनंती आहे. टेबलाभोवती ठेवलेल्या डांबरगोळ्या उचला आणि घराबाहेर टाका. डांबरगोळीतले नॅफ्थलीन मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींना आणि यकृताला इजा करते. गोळी घरंगळणारी असल्यामुळे मांजराला ती खेळणे वाटते आणि पंजाने ढकलता ढकलता ती तोंडातही जाते. तुमच्या मांजरांनी अशी गोळी चावल्याची शंका आली, ती मलूल दिसली, ओकू लागली किंवा त्यांच्या हिरड्या फिकट अथवा तपकिरी दिसल्या, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय न करता तडक पशुवैद्यांकडे जावे. अनेक घरांत मांजरांना दूर ठेवण्यासाठी या गोळ्या सर्रास वापरल्या जातात, म्हणून हे इतक्या ठळकपणे लिहीत आहे.

लिंबाच्या साली तितक्या घातक नाहीत. मात्र त्यांचा वास त्या सुकेपर्यंतच टिकतो, आणि साली निरुपयोगी ठरल्या की लोक नीलगिरीच्या, लिंबाच्या किंवा टी ट्रीच्या तेलाकडे वळतात. ते मात्र मुळीच करू नका. मांजर दिवसभर अंग चाटते, अंगाला लागलेले तेल तिच्या पोटात जाते, आणि अशा तेलांतील अनेक द्रव्यांचा निचरा करण्याची क्षमता तिच्या यकृतात फार कमी असते. पाण्याच्या फवाऱ्याचे म्हणाल, तर त्याने मांजर एवढेच शिकते की तुम्ही जवळ असताना टेबलावर चढू नये. तुम्ही झोपलेल्या असताना टेबल पुन्हा तिचेच असते.

आता तुमच्या पत्रातल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याकडे येते, ते म्हणजे मांजर तुमच्याकडे बघत बघत वजीर खाली ढकलते हे वाक्य. तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ, म्हणजे ती डूख धरून असे करते हा अर्थ, मला पटत नाही. मांजराला हालचाल फार चटकन दिसते, परंतु नाकासमोर वीत-दीड वीत अंतरावर असलेली वस्तू तिला स्पष्ट दिसत नाही. तिथे ती मिशा आणि पंजा वापरते. एखादी उभी, लहान, हलकीशी डुलणारी वस्तू समोर आली की तिला पंजाने स्पर्श करून पाहणे हा शिकारी प्राण्याचा स्वभाव आहे. वस्तू हलली तर पुन्हा स्पर्श, पडली तर पाठलाग. वर्तुळाकार बुडाचे प्यादे आडवे पडले की सरळ न जाता गोल गोल घरंगळते, आणि मांजराला याहून मोहक वस्तू घरात दुसरी सापडणार नाही.

एवढ्यावर हे थांबले असते तर ते कुतूहलापुरते राहिले असते. पुढे काय होते ते मात्र तुम्हीच लिहिले आहे. सोंगटी पडल्याचा आवाज होतो, तुम्ही उठून धावत येता, दिवा लागतो, बोलणे होते आणि अखेरीस वाटीत खाऊ पडतो. मांजरे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ असतात. त्या वेळी त्यांना भूक असते, सोबत हवी असते आणि घर झोपलेले असते. झोपलेले घर जागे करून खायला मिळवण्याची एक हमखास युक्ती त्यांना सापडली आहे आणि नकळत ती तुम्हीच पक्की केली आहे. ती तुमच्याकडे बघते ते तुम्ही उठता आहात की नाही हे पाहण्यासाठी. यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही, पहाटे साडेपाचला कुणीही हेच करील. पण कारण डूख नसून सवय असेल, तर उपाय शिक्षेत सापडणार नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट जागेची. टेबल खिडकीलगत आहे असे तुम्ही लिहिले आहे. पुण्यातल्या बहुतेक इमारतींप्रमाणे तुमच्याही खिडकीच्या छज्जावर पारवे बसत असतील, तर उजाडताना त्या खिडकीत जाऊन बसणे ही मांजरांची दिवसातली पहिली ओढ असणार आणि तिथे पोचण्याची पायरी म्हणजे तुमचे टेबल. अशा वेळी पट हे त्यांचे लक्ष्यही नसते, तो फक्त वाटेत असतो. हे पडताळून पाहणे सोपे आहे. चार-सहा दिवस पट आत ठेवा, टेबल रिकामे सोडा आणि पहाटे मांजरे त्यावर येऊन काय करतात ते फक्त पाहा. ती टेबलावर न रेंगाळता खिडकीकडे तोंड करून बसली, तर निम्मा प्रश्न टेबल आतल्या भिंतीकडे सरकवून सुटेल. मात्र त्याच वेळी खिडकीशी त्यांच्यासाठी एखादे स्टूल किंवा रुंद फळी ठेवायला विसरू नका, कारण ती जागा नुसती काढून घेतली तर मांजरे दुसऱ्या मार्गाने तिथेच जातील. खिडकीला मजबूत जाळी नसेल तर ती आधी बसवून घ्यावी. पारव्यावर झेप घेताना वरच्या मजल्यांवरून मांजरे पडतात.

हे झाले मांजरांचे. आता तुमच्या बाजूने विचार करू. तुम्ही 'पट' म्हणता तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: भावाबरोबर चाललेला डाव, वडिलांचा संच आणि दिवाणखान्यातली तुमची म्हणून असलेली जागा. तिन्ही एकाच टेबलावर असल्यामुळे मांजराचा एक पंजा तिन्हींवर एकदम पडतो. त्या वेगळ्या केल्या तर प्रत्येकीचे रक्षण फारसे कठीण राहत नाही.

डाव सर्वांत आधी सुरक्षित करता येईल, कारण तो लाकडात नसून नोंदीत असतो. एके काळी बुद्धिबळपटू पोस्टकार्डावरून परदेशातल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळत आणि एक डाव वर्ष-वर्षभर चाले. तो टिके तो वहीतल्या नोंदीमुळे. तुम्ही सांगलीच्या आहात. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून पिढ्यान् पिढ्या खेळाडू घडवले, तिथे खेळ शिकलेल्या व्यक्तीला नोंदीचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. तरी पत्रात कुठेही वहीचा उल्लेख नाही, म्हणून सुचवते. एक साधी दोनशे पानी वही घ्या. पांढऱ्याच्या बाजूने पाहता पटाच्या उभ्या ओळींना डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळींना खालून एक ते आठ अशी नावे धरून, ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ अशा रीतीने प्रत्येक खेळी तारखेसह लिहा आणि दर रात्री पटाचा वरून एक फोटो काढून भावाला पाठवा. खेळ्यांच्या यादीबरोबरच अधूनमधून संपूर्ण स्थितीही लिहून ठेवावी. ती पद्धत अशी: आठव्या ओळीपासून खाली येत, डावीकडून उजवीकडे, रिकामी घरे आकड्याने आणि सोंगट्या नावाने लिहायच्या. वरच्याच उदाहरणात पांढऱ्याच्या तिसऱ्या खेळीनंतरची सहावी ओळ 'दोन, काळा घोडा, पाच' अशी होईल आणि पाचवी ओळ 'एक, पांढरा उंट, दोन, काळे प्यादे, तीन' अशी. आठ ओळींची आणि कुणाची खेळी आहे याची नोंद असली, की पूर्ण उधळलेला पट दोन मिनिटांत जसाच्या तसा उभा राहतो.

मागच्या महिन्यात मोडलेल्या डावाबद्दल तुम्ही तो 'गेला' असा शब्द वापरला आहे. तो खरोखर गेला आहे का, हे भावाला विचारून पाहा. तोही त्याच्या घरी पट मांडून खेळत असेल तर स्थिती त्याच्याकडे शाबूत आहे. दोघांच्या फोनमधल्या संदेशांतही खेळ्या क्रमाने सापडतील. काही खेळ्या तोंडी झाल्या असतील आणि आठवत नसतील, तर फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत अशा प्रसंगासाठी तरतूद आहे: सोंगट्या आपल्या घरांवरून हलल्या आणि मूळ स्थिती निश्चित करता आली नाही, तर जी शेवटची स्थिती निश्चितपणे ओळखता येते तिथून डाव पुढे चालवायचा. भावाबहिणीच्या डावाला पंच नसतो, पण हा नियम दोघांनी मान्य करून डाव पुढे सुरू करायला काहीच हरकत नाही.

वडिलांच्या संचाबद्दल मात्र मी थोडी आग्रही राहीन. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो शिसवी आणि फिकट पिवळसर लाकडाचा, बुडाला हिरवी बनात लावलेला, वजनदार संच दिसतो. असे संच आपल्याकडे मुख्यतः अमृतसरचे कारागीर करत आले आहेत. त्यांचा आकार ज्या स्टाँटन घडणीवर बेतलेला असतो, ती १८४९ साली लंडनमध्ये बाजारात आली. या घडणीत सर्वांत कष्टाचे काम घोड्याचे असते. बाकीच्या सोंगट्या बव्हंशी चरकावर कातल्या जातात, घोड्याचे डोके मात्र हाताने कोरावे लागते आणि त्याचे कान हाच संपूर्ण संचातला सर्वांत नाजूक भाग असतो. बुडात घातलेले वजन मांजराच्या शेपटीचा फटकारा सहन करायला पुरेसे असते, पण हेतुपुरस्सर ढकलणाऱ्या पंजापुढे ते टिकत नाही. त्यामुळे आणखी वजनदार संच घ्यावा हा काही वाचकांना सुचणारा उपाय अर्धवट आहे. उलट वजनदार सोंगटी टेबलावरून फरशीवर पडली तर अधिक जोरात आपटते.

म्हणून पटाला झाकण हवे. इथे पर्याय दोन आहेत. पहिला ॲक्रिलिकच्या पेटीचा. राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटीमीटर आणि कडेच्या पट्टीसह पटाची बाजू पन्नास सेंटीमीटर धरली, तर आतून ५४ सेंटीमीटर लांब-रुंद आणि १३ सेंटीमीटर उंच असे खालून उघडे झाकण लागेल. नावाच्या पाट्या करणारे दुकानदार असे झाकण करून देतात. तीन मिलिमीटर जाडीचे झाकण सुमारे दोन किलोचे होते आणि पाच मिलिमीटरचे सुमारे साडेतीन किलोचे. दुसरेच घ्यावे, कारण मांजर त्यावर बसणारच आणि ते वाकता किंवा सरकता कामा नये. टेबलावर झाकणाच्या चारही कडांना लागून बारीक लाकडी पट्टी ठोकून घेतली तर ते जागचे हलणार नाही. परंतु रोज खेळी करण्यासाठी साडेतीन किलोचे झाकण दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवणे वयानुसार जड जाईल, आणि उचलताना ते सोंगट्यांना लागण्याचीही भीती राहते.

मला स्वतःला दुसरा पर्याय अधिक पसंत आहे, तो म्हणजे काचेचा माथा आणि खाली रुंद खण असलेला टीपॉय. खणाची आतली उंची १३-१४ सेंटीमीटर ठेवायची, पट त्यात मांडायचा, खेळी करायची असेल तेव्हा खण बाहेर ओढायचा आणि एरवी आत लोटायचा. काचेतून पूर्ण डाव दिवसभर दिसत राहतो, येता-जाता त्यावर विचार करता येतो आणि मांजरे वर खुशाल झोपू शकतात. सुताराला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: खण चाकांच्या पट्टीवर हळू आणि सलग सरकला पाहिजे, नाहीतर प्रत्येक धक्क्याला प्यादी कोलमडतील, आणि माथ्याची काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असली पाहिजे. ज्यांच्याकडे टीपॉयलाही जागा नाही, त्यांनी बुद्धिबळाच्या वर्गांत भिंतीवर लावतात तसा उभा डेमो पट घ्यावा. त्याच्या चपट्या सोंगट्या खाचांत बसतात. मात्र खाली सोफा किंवा कपाट नको, कारण धडधाकट मांजर जागच्या जागी दीड मीटर उंच सहज उडी मारते.

हे होईपर्यंत वडिलांचा संच डब्यात घालून कपाटात ठेवा आणि रोजच्या डावासाठी स्पर्धांत वापरतात तो प्लास्टिकच्या सोंगट्यांचा, गुंडाळता येणाऱ्या पटाचा संच आणा. त्याची मोडतोड झाली तरी मनाला लागणार नाही. टीपॉय आल्यावर जुना संच पुन्हा बाहेर काढा. तो कायमचा कपाटात जावा असे मला मुळीच वाटत नाही, कारण लाकडी सोंगट्या हाताळण्यासाठीच असतात.

मांजरांच्या बाजूने दोन बदल करावे लागतील. पहिला खेळाचा. संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे, काठीला दोरी आणि टोकाला पिसे बांधून, त्यांना धावायला, दबा धरायला आणि शेवटी पिसे पकडायला लावा, आणि लगेच रात्रीचे जेवण वाढा. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा त्यांचा नैसर्गिक क्रम आहे आणि तो रात्री पूर्ण झाला तर पहाटेची धावपळ कमी होते. खेळ संपल्यावर दोरी उचलून ठेवा, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. दुसरा बदल पहाटेच्या खाण्याचा. सोंगट्या पाडण्याचा आणि खाण्याचा संबंध तोडण्यासाठी, ठरावीक वेळी आपोआप उघडणारे खाण्याचे यंत्र पाच वाजता लावून ठेवता येईल, किंवा झोपताना अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये कोरडे खाद्य पेरून ठेवता येईल, म्हणजे ते उकरून काढण्यात त्यांचा वेळ जाईल. आवाज झाला तरी तुम्ही उठायचे नाही. हे करता यावे म्हणूनच आधी पट सुरक्षित करायला सांगितले. एक सावधगिरीची सूचना: उठणे बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत मांजरांचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढेल, कारण नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की ती अधिक जोराने करून पाहिली जाते. त्या काळात एकदा जरी उठून खाऊ दिला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल.

तुम्ही विचारलेल्या तीन पर्यायांचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. बाल्कनीत रात्री बंद करणे मला योग्य वाटत नाही. पावसाची झड, थंडी आणि उंचीचा धोका हे सगळे तिथे आहे. एखाद्या खोलीत पाणी, वाळूचा ट्रे आणि झोपायची जागा देऊन त्यांना रात्री ठेवणे क्रूर नाही, पण त्या खोलीत कुणीतरी झोपणारे असेल आणि पहाटे दार ओरबाडण्याचा त्रास त्याला सोसावा लागेल, म्हणून तो निर्णय मुलगा-सुनेने घ्यायचा आहे. मांजरे दुसऱ्याला देणे हा उपाय प्रश्नाच्या मानाने फारच मोठा आहे. दोन वर्षांत ती त्या घराला आणि सुनेला बांधली गेली आहेत. या निमित्ताने इतर वाचकांनाही सांगते, की नकोसे झालेले मांजर उपासमार होईल अशा ठिकाणी नेऊन सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

मोबाईलवर खेळण्याची मुलाची सूचना चुकीची नाही, पण अपुरी आहे. मोबाईलवर डावाची नोंद उत्तम राहते. मात्र तुम्हाला पट समोर हवा आहे, लाकूड बोटांना लागायला हवे आहे, स्वयंपाकघरातून येता-जाता थांबून घोडा कुठे न्यावा याचा विचार करायचा आहे. ही इच्छा अवास्तव नाही आणि ती स्पष्ट शब्दांत घरात सांगितली गेली नसावी असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. तुम्ही मांजरांबद्दल तक्रार केली, घराने ती मांजरांविरुद्धची तक्रार म्हणून ऐकली. खरे मागणे मात्र दिवाणखान्यातला चार-साडेचार चौरस फुटांचा कोपरा एवढेच होते.

सुनेशी बोलताना ते मागणेच पुढे ठेवा. 'तुझी मांजरे' असा उल्लेख टाळा. ती दोघे किती वाजता खातात, कशाशी खेळतात, कुठे झोपतात हे तिला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तेव्हा खिडकीशी फळी कुठे बसवावी आणि खाण्याच्या वेळा कशा बदलाव्यात हे तिलाच ठरवू द्या. बुद्धिबळ आणि मांजर एका घरात नांदत नाहीत असा जर तुमचा समज झाला असेल, तर जगज्जेते अलेक्झांडर ॲलेखाइन यांचे उदाहरण आहे. मांजरांचे ते मोठे प्रेमी होते आणि त्यांच्या एका सयामी मांजराचे नावच 'चेस' होते. शब्दाला शब्द लागल्यावर पुन्हा बोलणे कोणी सुरू करावे, या प्रश्नात अडकू नका. टीपॉयचे माप घेण्याच्या निमित्ताने तुम्हीच सुरुवात करावी असे मला वाटते, कारण मोठ्या माणसाने विषय काढला की धाकट्यांना उत्तर देणे सोपे जाते.

याच विषयावर लहान मुलांच्या पालकांचीही पत्रे येतात, त्यांच्यासाठी थोडे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून घरोघरी मुलांच्या हाती बुद्धिबळ आले आहे, हे फार आनंदाचे आहे. मुलांचा डाव तासाभरात संपतो, म्हणून त्यांना झाकणाची गरज नसते. डाव संपताच ३२ सोंगट्या मोजून पिशवीत भरण्याची शिस्त पुरते. पण घरात मांजर असेल तर प्रवासात वापरतात ते छोटे चुंबकी संच उघडे ठेवू नका. त्यातली चुंबके निसटतात, आणि मांजराने दोन चुंबके गिळली तर आतड्याच्या दोन घड्यांना मधे धरून ती एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. जुन्या संचाच्या बुडाची बनात सुटली असेल तर आतले शिसे उघडे पडते, ती लगेच चिकटवून घ्यावी. आणि वय झालेले मांजर, दहा-बारा वर्षांचे, अचानक रात्रभर ओरडू लागले, सारखे खाऊनही वाळत चालले आणि वस्तू पाडू लागले, तर तो खोडकरपणा मानू नये. थायरॉईड वाढल्यामुळेही असे होते, आणि त्याचे निदान रक्ततपासणीने होते.

राहता राहिला तुमचा घोडा. तुटलेला कान सापडला असेल तर तो कागदाच्या पुडीत जपून ठेवा आणि तुटलेल्या कडा घासू नका, कारण त्या खडबडीत कडाच एकमेकींत नेमक्या बसतात. लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या गोंदाचा काडीच्या टोकाने अगदी पातळ थर द्या, कान बसवा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि सांध्यावर कागदी चिकटपट्टी लावून पूर्ण एक दिवस हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्याचा पांढरा डाग पॉलिशवर पडतो आणि कान किंचित वाकडा बसला तर सरळ करायला वेळ मिळत नाही. कान सापडला नसेल तर फ्रिजच्या मागे, जिथे प्यादे सापडले होते, तिथे विजेरी घेऊन एकदा नीट शोधा. तिथेही नसेल, तर लाकडी मूर्तींचे कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे जा आणि सोबत धड असलेला जोडीदार घोडाही न्या, म्हणजे त्याच्या कानावरून माप घेता येईल.